बलून चढतो शहरात, उतरतो शिवारात

सोनई-शिंगणापूरच्या बाजूला उसाचा गळीत हंगाम सुरू झाला, की साखर कारखान्याच्या धुराड्याकडे पाहूनही वाऱ्याचा अंदाज येतो. थंडीच्या पहाटे, वारा पडलेला असला, की धूर सरळ वर चढतो. ऊन वाढले आणि वारा सुटला, की तोच धूर एका अंगाला झुकतो. गरम हवेच्या बलूनचे शास्त्र याहून फारसे वेगळे नाही. गरम हवा वर जाते आणि वारा नेईल तिकडे जाते.

अशा बलूनचे महोत्सव आता आपल्या देशातही भरू लागले आहेत. तमिळनाडूत पोल्लाची येथे २०१५ साली असा महोत्सव सुरू झाला. अमेरिकेत आल्बुकर्क येथे १९७२ साली अवघे तेरा बलून जमले होते. पुढे तिथे पाचशेहून अधिक बलून एकाच वेळी दिसू लागले. पहिल्यांदा महोत्सवाला जाणाऱ्याचे डोळे साहजिकच वर जाणाऱ्या बलूनकडे लागतात. पण बलूनचा इतिहास वाचला, तर चढण्याइतकीच उतरण्याची गोष्टही महत्त्वाची वाटते. कारण बलून कुठून उडवायचा हे माणूस ठरवतो, पण कुठे उतरायचे यात वाऱ्याचा वाटा मोठा असतो.

ही गोष्ट फ्रान्समध्ये सुरू झाली. माँगोल्फिए बंधू हे कागद बनवणाऱ्या घराण्यातले. धुरातच वर उचलण्याची शक्ती आहे अशी त्यांची समजूत होती, म्हणून ते ओला पेंढा आणि लोकर जाळत. कारण चुकीचे होते, पण बलून उडाला. ४ जून १७८३ रोजी आनोने गावी त्यांनी तो लोकांना दाखवला. १९ सप्टेंबरला व्हर्सायला राजासमोर एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा टोपलीत बसवून वर पाठवले. २१ नोव्हेंबरला पिलात्र द रोझिए आणि मार्की द आर्लांद हे दोघे पॅरिसवरून सुमारे पंचवीस मिनिटे तरंगत गेले. बलूनखाली पेंढा जळत होता आणि कापडाला ठिणगी लागली, की ते ओल्या स्पंजाने विझवत होते.

याच वर्षीची दुसरी घटना आपल्यासारख्या खेड्यापाड्यांतल्या माणसांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. २७ ऑगस्टला पॅरिसमधून प्राध्यापक शार्ल यांनी हायड्रोजन भरलेला, माणूस नसलेला बलून सोडला. तो पाहायला शहर लोटले होते. बेंजामिन फ्रँकलिनही त्या गर्दीत होते. पाऊण तासाने तो गोनेस या खेड्यात पडला. तिथल्या शेतकऱ्यांना कोणी काही सांगितलेलेच नव्हते. आभाळातून उतरलेला, फुसफुसणारा तो प्राणी पाहून ते घाबरले आणि हाती लागेल त्या अवजाराने त्यांनी तो फाडला. पुढे सरकारला जाहीर पत्रक काढून सांगावे लागले, की आकाशात असे काही दिसले तर भिऊ नका. शहर त्या खेडुतांना हसले. पण शहराला जे आधी कळवले होते, ते खेड्याला कळवायचे कोणालाच सुचले नव्हते.

पुढे बराच काळ वायूच्या बलूनने गरम हवेला मागे टाकले. १८८९ साली कोलकात्यात सर्कशीतले कसरतपटू रामचंद्र चटर्जी अशाच वायूच्या बलूनमधून एकटे आकाशात गेले. गरम हवेचा बलून परत आला तो १९६० साली. त्या वर्षी २२ ऑक्टोबरला अमेरिकेत एड योस्ट यांनी प्रोपेन वायूच्या बर्नरवर तो उडवला. पेंढ्याची आग गेली, ज्योत कमी-जास्त करता येऊ लागली आणि मग महोत्सवही शक्य झाले.

आपल्या महाराष्ट्रातली मोठी घटना २६ नोव्हेंबर २००५ ची. सदुसष्ट वर्षांचे उद्योगपती विजयपत सिंघानिया मुंबईतून गरम हवेच्या बलूनने निघाले आणि २१,०२७ मीटर उंचीवर पोहोचले. म्हणजे सुमारे ६९ हजार फूट. १९८८ सालचा पेर लिंडस्ट्रँड यांचा १९,८११ मीटरचा जागतिक विक्रम त्यांनी मोडला. इतक्या उंचीवर हवा फार विरळ असते, म्हणून टोपलीच्या जागी हवाबंद कक्ष होता. आणि हा विक्रम उतरला कुठे? नाशिक जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यातल्या पांचाळे गावाजवळ. आपल्या संगमनेर-कोपरगावला लागून असलेला हा तालुका. मुंबईत सुरू झालेल्या विक्रमाची अखेर शेतकऱ्यांच्या मुलखात झाली.

महोत्सवाला जाणाऱ्याने पहाटेच पोहोचावे. आधी पंख्याने थंड हवा भरतात, मग बर्नर पेटतो आणि आडवा पडलेला बलून हळूहळू उभा राहतो. बाहेर पंधरा अंश आणि आत शंभर अंश तापमान असेल, तर एक घनमीटर गरम हवा जेमतेम पाव किलो वजन उचलते. बाहेर चाळीस अंश झाले, की यातली तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास ताकद कमी होते. म्हणून थंडी हवी, पहाट हवी. बलूनला सुकाणू नसते. वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशेने वाहतो, तेव्हा चालक वर-खाली होऊन सोयीचा वारा शोधतो. टोपलीतल्या माणसाला मात्र वारा फारसा लागत नाही, कारण तो वाऱ्याबरोबरच चाललेला असतो.

खाली रस्त्याने मदतनीसांची गाडी बलूनचा माग काढत असते. कुठल्या तरी शिवारात तो टेकतो आणि क्षणात गर्दी जमते. थंडीचे दिवस म्हणजे रब्बीचे दिवस. रानात गहू, हरभरा, कांदा उभा असतो. बलूनने जितके पीक मोडत नाही, तितके धावणाऱ्या पायांनी मोडते. ज्याचे रान, त्याने ना तिकीट काढलेले असते, ना आमंत्रण मिळालेले असते. उतरल्यावर शेतमालकाला शॅम्पेनची बाटली द्यायची प्रथा फ्रान्समध्ये पडली असे सांगतात. आपल्याकडे आधी गावाला निरोप, मग रानमालकाची परवानगी आणि मोडलेल्या पिकाची भरपाई एवढे झाले तरी पुष्कळ आहे.

गोनेसच्या शेतकऱ्यांना कोणी विचारले नाही, त्याला दोनशे चाळीसहून अधिक वर्षे झाली. आपण बलून पाहायला गेलो, तर तो जरूर डोळे भरून पाहावा. त्याच्यामागे धावताना मात्र बांधावरून धावावे.

(आकाशवाणीवरील भाषणाच्या आधारे)