सूक्ष्मतरंगी पार्श्वप्रारण आणि पुण्यातील विश्वविचार

विश्वाला आरंभ होता की ते अनादि आहे, हा वाद आपल्याकडे दीर्घकाळ दर्शनकारांच्या मंडपातला समजला जात असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो तापमानाच्या मापनाचा प्रश्न झाला, आणि त्या मापनाच्या अर्थासंबंधी जे मतभेद झाले त्यांत एका मराठी गणितज्ञाने तब्बल सहा दशके विरुद्ध पक्षाची बाजू सांभाळली. त्या इतिहासाचा एक भाग येथे पाहावयाचा आहे. पाठ्यपुस्तकांतून पराभूत उपपत्ती एका ओळीत निकालात काढल्या जातात. त्यामुळे त्या कशा कारणांनी पराभूत झाल्या, हेच नेमके विद्यार्थ्याच्या हाती लागत नाही.

१९४८ मध्ये हर्मन बाँडी, थॉमस गोल्ड व फ्रेड हॉईल यांनी स्थिर-स्थिती विश्वाची उपपत्ती मांडली. विश्व प्रसरण पावते, परंतु नवे द्रव्य सतत निर्माण होत असल्याने त्याचे सरासरी रूप सर्व काळी सारखेच राहते, असे तिचे सार होते. त्याच वर्षी राल्फ आल्फर व रॉबर्ट हर्मन या जॉर्ज गॅमॉव्हच्या सहकाऱ्यांनी उलट विचार केला. विश्व एके काळी अतितप्त असेल, तर त्या उष्णतेचा अवशेष आज सुमारे ५ अंश केल्व्हिन तापमानाच्या प्रारणाच्या रूपाने उरला पाहिजे, असे त्यांनी वर्तविले. या भाकिताकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) या वादात ओढले गेले ते केंब्रिजमध्ये हॉईलचे विद्यार्थी म्हणून. जन्म कोल्हापूरचा, शिक्षण काशीचे. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे काशी हिंदु विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक व सापेक्षतेचे अभ्यासक. १९६१ मध्ये मार्टिन राईल यांनी रेडिओ-उद्गमांच्या गणनेवरून स्थिर-स्थिती विश्व खोटे ठरल्याचे घोषित केले, तेव्हा त्याला उत्तर देण्याच्या कामी हॉईलबरोबर हा तरुण होता. द्रव्यनिर्मितीसाठी आवश्यक त्या क्षेत्राचे गणितही या दोघांनी पुढे बांधले.

खरा आघात १९६५ मध्ये झाला. न्यू जर्सीतील होल्मडेल येथे आर्नो पेन्झियस व रॉबर्ट विल्सन यांना ७.३५ सेंटिमीटर तरंगलांबीवर असा एक क्षीण गोंगाट आढळला, की जो कोणत्याही दिशेला कमीजास्त होत नव्हता आणि ज्याचे तुल्य तापमान सुमारे ३.५ अंश केल्व्हिन भरले. जवळच्याच प्रिन्स्टन येथील रॉबर्ट डिकी यांच्या गटाने त्याचा अर्थ लावला: तप्त आरंभाचा हा अवशेष होय.

हा अर्थ नीट ध्यानात यावा म्हणून एक परिचित दृश्य घेऊ. सातपुड्याच्या पायथ्याशी वरूडकडील संत्र्यांच्या बागांवर पौष-माघात पहाटे धुके दाटते. प्रकाश पुष्कळ असतो, पण तो थेंबाथेंबावर विखुरल्याने झाडे दिसत नाहीत. दिसतो तो धुक्याचा पांढरा पडदा. विश्वाचे वय सुमारे ३ लक्ष ८० हजार वर्षे होईपर्यंत मुक्त इलेक्ट्रॉनांनी हेच काम केले. तापमान ३००० अंशांच्या आसपास उतरल्यावर इलेक्ट्रॉन अणूंत बांधले गेले आणि धुके विरले. त्या पडद्यावरून निघालेला प्रकाश आज सुमारे अकराशे पट ताणला जाऊन सूक्ष्मतरंगांच्या रूपाने आपल्यापर्यंत येतो. दृष्टान्त येथवरच चालतो. वरूडचे धुके सूर्य वर आल्यावर निघून जाते, त्याचा अवशेष उरत नाही.

हॉईल यांनी १९६५ मध्येच मूळ स्वरूपातील उपपत्ती सोडून देण्याची तयारी दर्शविली. परंतु एक आकडा त्यांना आणि नारळीकरांना स्वस्थ बसू देईना. विश्वातील सर्व हेलियम ताऱ्यांतच हायड्रोजनपासून तयार झाला असे मानले, तर त्यातून बाहेर पडणारी ऊर्जा या पार्श्वप्रारणाच्या ऊर्जेइतकीच भरते. हा केवळ योगायोग म्हणावा काय? योगायोग नसेल, तर ताऱ्यांचा प्रकाश शोषून तो सूक्ष्मतरंगांच्या रूपाने परत फेकणारे काहीतरी अंतराळात हवे. १९६७ मध्ये नारळीकर व चंद्रा विक्रमसिंघे यांनी हे काम धूलिकणांकडे सोपविले. पुढे लोहाच्या सूक्ष्म तंतूंची कल्पना आली: अतिनवताऱ्यांच्या स्फोटात उडालेली लोहवाफ थंड होताना मिलिमीटरभर लांबीचे, अत्यंत बारीक तंतू बनतात आणि ते नेमक्या सूक्ष्मतरंगांनाच अडवितात. १९९३ मध्ये हॉईल, जेफ्री बर्बिज व नारळीकर यांनी जी अर्धस्थिर-स्थिती उपपत्ती मांडली, तिच्यात विश्व दीर्घकालीन प्रसरणाबरोबरच आलटून पालटून फुगते व आक्रसते, आणि मागील आवर्तनांतील ताराप्रकाशच पार्श्वप्रारण होतो.

दरम्यान मापने पुढे गेली होती. १९८९ मध्ये सोडलेल्या कोबी उपग्रहाने वर्णपट जवळजवळ परिपूर्ण कृष्णवस्तूचा असल्याचे दाखविले, तापमान २.७२५ अंश. १९९२ मध्ये त्याच उपग्रहाने या तापमानात दिशापरत्वे सुमारे एक लक्षांश इतका चढउतार असल्याचे सिद्ध केले. दीर्घिकांची बीजे ती हीच.

येथून कथा पुण्याला येते. १९८८ मध्ये नारळीकरांच्या नेतृत्वाखाली आंतरविद्यापीठीय खगोलविज्ञान आणि खगोलभौतिकी केंद्र, म्हणजेच आयुका, स्थापन झाले. लहान गावांतील विद्यापीठीय अध्यापकांना संशोधनाची साधने मिळावीत, हा त्याचा हेतू. संस्थापक-संचालक ज्या मताचे, त्याच मताची संस्था व्हावी, असा आपल्याकडील सर्वसाधारण अनुभव. आयुकात तसे झाले नाही, आणि मला ही गोष्ट त्यांच्या कोणत्याही उपपत्तीपेक्षा अधिक मोलाची वाटते.

२००० साली याच संस्थेतील रघुनाथन श्रीआनंद यांनी पात्रिक पेतिजाँ व सेड्रिक लेदू यांच्यासह चिलीतील महादुर्बिणीने एका क्वासारच्या प्रकाशमार्गातील वायुमेघ तपासला. मेघाची ताम्रसृती २.३४ होती. त्यातील कार्बन-अणूंच्या सूक्ष्म ऊर्जापातळ्या कितपत भरल्या आहेत, यावरून त्या काळच्या प्रारणाचे तापमान ६ ते १४ अंशांच्या दरम्यान असल्याचे निघाले. तप्त आरंभानुसार ते ९.१ हवे. २००८ मध्ये कार्बन मोनॉक्साइडच्या रेणूंवरून श्रीआनंद व सहकाऱ्यांनी २.४२ ताम्रसृतीला ९.१५ अंश हे अधिक काटेकोर मूल्य मिळविले. भूतकाळी विश्व अधिक उष्ण होते, हे यावरून प्रत्यक्ष कळले. ज्याचे रूप बदलत नाही अशा १९४८ च्या विश्वाला येथे जागा उरत नाही. १९९३ ची उपपत्ती मात्र या कसोटीने मोडत नाही, कारण तिच्यातील विश्वही पूर्वी लहान होते. हा भेद पुष्कळदा विसरला जातो.

तिची खरी परीक्षा चढउतारांच्या तपशिलात होती. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात नारळीकर, राम विश्वकर्मा, अमीर हाजियान, तरुण सौरदीप, बर्बिज आणि (मृत्यूनंतर) हॉईल अशी नावे एकत्र दिसतात. चढउतारांच्या आलेखातील मुख्य शिखर हे मागील आवर्तनाच्या संकोचकाळातील दीर्घिकासमूहांमुळे आले असावे, असे त्यांनी दाखवू पाहिले. त्याच वर्षी हाजियान व सौरदीप यांनी चढउतारांचे सांख्यिकीय स्वरूप सर्व दिशांना सारखे आहे की नाही, हे तपासण्याची स्वतंत्र पद्धती प्रसिद्ध केली. तिचा उपयोग पुढे प्लांक उपग्रहाच्या गटानेही केला.

माझ्या मते पारडे फिरते ते येथे. तप्त आरंभाच्या प्रतिकृतीत सहा राशी ठरविल्या की सर्व शिखरांची स्थाने व उंची आणि प्रारणाचे ध्रुवीकरण एकाच गणितातून निघतात. २००९ मध्ये सोडलेल्या प्लांकने ते बारकाईने पडताळून विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे काढले. तंतूंच्या प्रतिकृतीत प्रत्येक शिखराला वेगळा खगोलीय कर्ता शोधावा लागतो. ती अशक्य ठरली असे नव्हे. पण तिने आधी सांगावे आणि मग दुर्बिणीने पाहावे, असे पार्श्वप्रारणाच्या बाबतीत घडले नाही. हेलियमच्या ऊर्जेचा तो आकडा मात्र अद्यापि जुळतो, आणि प्रचलित मतानुसार तो योगायोगच मानावा लागतो.

नारळीकर अखेरपर्यंत आपल्या आक्षेपांवर ठाम होते. २० मे २०२५ रोजी पुण्यातच त्यांचे निधन झाले. ध्रुवीकरणातील ज्या अतिसूक्ष्म भोवऱ्यांवरून आरंभकाळच्या गुरुत्वीय लहरींचा माग लागू शकेल, त्यांच्या मापनासाठी भारतीय उपग्रह असावा, असा प्रस्ताव सौरदीप व अन्य भारतीय संशोधकांनी २०१८ मध्ये इस्रोपुढे ठेवला.