विमानाच्या पाठीवरची रेघ

१९३६ साली ब्रिटनमध्ये फ्रॉग कंपनीने 'पेंग्विन' नावाचे विमानांचे संच विक्रीला आणले. कंपनीची आधीची विमानं उडायची, ही उडत नसत, म्हणून पेंग्विन! प्लॅस्टिकचे सुटे भाग चिकटवून १/७२ प्रमाणातलं विमान घडवण्याचा छंद इथून रुजला, आणि सांध्यातल्या फटीची डोकेदुखीही. पेंग्विनचं सेल्युलोज ॲसिटेट पुढे आकसायचं, वाकडं व्हायचं.

दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिस्टायरीन हे प्लॅस्टिक आलं. एअरफिक्स कंपनीची स्पिटफायर पन्नासच्या दशकात बाजारात आली आणि वूलवर्थच्या दुकानांतून शाळकरी मुलांच्या हाती पोचली. वाकण्याचा प्रश्न मिटला, फट मात्र राहिली. पोलादी साचा दोन बाजूंना उघडतो, त्यामुळे पोकळ धड अखंड काढता येत नाही. डावं-उजवं वेगळं करावं लागतं. शिवाय तापलेलं प्लॅस्टिक निवताना आकसतं. पंख धडाला मिळतो तिथे तर हमखास अंतर पडतं.

पहिला उपाय खुद्द भाग चिकटवणाऱ्या द्रावणाचा, म्हणजे 'सिमेंट'चाच. ते प्लॅस्टिक विरघळवतं. दोन्ही अर्धी दाबून धरली की वितळलेल्या प्लॅस्टिकचा बारीक दोरा सांध्यातून वर येतो. तो पुरता वाळू द्यायचा, मग पात्याने खरवडून वॉटर पेपरने घासायचा. फट मोठी असली तर मात्र लांबी (पुट्टी) भरण्याला पर्याय नसे.

ही लांबी छंदवाल्यांनी इतरांकडून उचलली. बाल्साच्या हलक्या लाकडाची विमानं करणारे डोपमध्ये, म्हणजे विमानावर लावायच्या लाखेत, टाल्कम पावडर कालवत, ती युक्ती आली. गॅरेजमधली मोटारींची पुट्टी आली. कुणी संचाच्या चौकटीचे उरलेले तुकडेच सिमेंटमध्ये विरघळवले. पुढे खास मालही निघाला: अमेरिकेत स्क्वाड्रनची हिरवी पुट्टी, वेल्समध्ये दोन कांड्या मळून वापरायची मिलिपुट. मिलिपुट ओल्या बोटाने सारखी करता येते, त्यामुळे घासकाम वाचतं. सुपरग्लूही फटी भरतो, पण तो फार काळ तसाच ठेवला तर प्लॅस्टिकपेक्षा कडक होतो आणि घासताना शेजारचं प्लॅस्टिकच झिजतं.

घासण्याची किंमतही होती. जुन्या संचांवर पत्र्यांच्या रेषा उठावदार असत. फट गेली की त्याही जात. कोरीव रेषांचे संच आल्यावर पुसलेली रेघ सुईने पुन्हा ओढता येऊ लागली.

गंमत म्हणजे महायुद्धातल्या खऱ्या मॉस्किटो विमानाचं धडही दोन अर्ध्यांतच बनायचं. प्लायवुड आणि बाल्साचे हे अर्धे भाग मधोमध चिकटवून वर मदापोलम नावाचं सुती कापड ताणत आणि डोप लावत. १९४४ च्या अखेरीस भारतात या विमानांचे चिकटवलेले सांधे उकलले, तेव्हा त्यांची उड्डाणं थांबवावी लागली.

आता तामियासारख्या कंपन्या शक्य तिथे सांधा खऱ्या पत्र्याच्या रेषेवरच आणतात. तरीही रंगाआधी करड्या प्रायमरचा एक पातळ हात मारून बघावाच. डोळ्यांना न दिसलेली फट तिथे लगेच उघडी पडते.