पेन ते पेन: आरसा काढला, मग काय झालं?

१९५९ हे साल कॅमेऱ्यांच्या इतिहासात भलतंच महत्त्वाचं आहे. त्या एकाच वर्षी जपानमध्ये दोन कॅमेरे बाजारात आले. एक निकॉन एफ: पोटात आरसा, डोक्यावर प्रिझम, दणकट, महाग, व्यावसायिक लोकांसाठी. दुसरा ऑलिंपस पेन: आरसा नाही, तळहातावर मावेल एवढा, किंमत ६००० येन. पुढची पन्नास वर्षं पहिल्याची होती. मग चित्र पालटलं, आणि ते पालटवणाऱ्या सुरुवातीच्या कॅमेऱ्यांपैकी एकाचं नाव पुन्हा पेनच होतं!

आता 'मिररलेस' म्हणजे काय ते आधी बघू. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला प्रकाश ४५ अंशात बसवलेल्या आरशावर आपटून वर जातो, प्रिझममधून फिरतो आणि आपल्या डोळ्यापर्यंत येतो. बटण दाबलं की आरसा 'खटॅक' करून वर उचलला जातो आणि प्रकाश थेट फिल्मवर पडतो. फायदा असा की लेन्स जे बघते तेच तुम्ही बघता. तोटा असा की आरसा हलायला जागा लागते, म्हणून लेन्स फिल्मपासून लांब ठेवावी लागते. निकॉनच्या एफ माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मि.मी. आहे. थोडक्यात, कॅमेऱ्याच्या पोटात एक रिकामी खोली कायमची बांधलेली.

आता पेनकडे वळू. हा बनवला योशिहिसा माइतानी नावाच्या विशीतल्या इंजिनिअरने. (आपल्यातलाच माणूस!) वासेदा विद्यापीठात मेकॅनिकल शिकलेला, १९५६ मध्ये ऑलिंपसमध्ये लागला. साहेबांनी सांगितलं, कॅमेरा डिझाइन कर. याने स्वतःच रिक्वायरमेंट ठरवली: ६००० येनमध्ये चांगला कॅमेरा. तेव्हा बऱ्या कॅमेऱ्याची किंमत याच्या कितीतरी पट होती.

इथे त्याने जे केलं ते मला फार आवडतं. सगळ्याच गोष्टी थोड्या थोड्या स्वस्त केल्या असत्या तर एक सुमार कॅमेरा तयार झाला असता. त्याने बजेटचा मोठा वाटा लेन्सवर उडवला, कारण फोटो लेन्स काढते, आणि बाकीच्या सगळ्याला निर्दयपणे कात्री लावली. फिल्म पुढे सरकवायला लीव्हरऐवजी अंगठ्याने फिरवायचं चाक. मागचं झाकण बिजागरीवर उघडण्याऐवजी सरळ सुटं होतं. अंतर मोजायची यंत्रणा नाही, ते नजरेने ठरवा. शटरचे वेग मोजून चार आणि एक बल्ब.

आणि सर्वात मोठी कात्री फिल्मच्या चौकटीलाच. नेहमीच्या २४ x ३६ मि.मी.ऐवजी १८ x २४, म्हणजे बरोबर अर्धी. ३६ फोटोंच्या रोलमध्ये ७२ फोटो! फिल्म महाग असलेल्या काळात हे केवढं आकर्षण असेल बघा. अर्थात अर्धी फिल्म म्हणजे मोठा प्रिंट काढला की दाणे दिसणार. ती किंमत त्याने डोळे उघडे ठेवून मोजली होती, आणि लोकांनीही मोजली. पेनच्या पुढच्या आवृत्त्या धडाधड खपल्या. १९६३ मध्ये तर त्याने पेन एफ नावाचा अर्ध्या फ्रेमचा एसएलआर बनवला, ज्यात आरसा वर न उचलता बाजूला झुलायचा, म्हणून डोक्यावर प्रिझमचं टेंगूळच नाही.

पण फिल्म स्वस्त होत गेली आणि पूर्ण फ्रेमचे कॅमेरेही लहान झाले. १९६६ चा रोलाय ३५ बघा, पूर्ण फ्रेम आणि तरी खिशात जाणारा. ज्या अडचणीवर पेन हा उपाय होता ती अडचणच उरली नाही. पेन मागे पडला आणि आरसा जिंकला.

आता थेट २००८ मध्ये उडी मारू. ऑगस्टमध्ये ऑलिंपस आणि पॅनासॉनिकने मिळून मायक्रो फोर थर्ड्स हे स्टँडर्ड जाहीर केलं. कल्पना साधी: डिजिटल सेन्सरला दिसतंय ते स्क्रीनवर दाखवता येतंच, मग आरसा पाहिजे कशाला? आरसा गेला आणि लेन्स-सेन्सर अंतर आधीच्या फोर थर्ड्सच्या ३८.६७ मि.मी.वरून १९.२५ मि.मी.वर आलं, म्हणजे जवळपास निम्मं. पॅनासॉनिकचा जी१ त्याच वर्षी आला, पण तो दिसायला डीएसएलआरचा धाकटा भाऊ. जून २००९ मध्ये ऑलिंपसने ई-पी१ जाहीर केला, रूप जुन्या पेनचं आणि नावही पेन. पुढच्याच महिन्याच्या अखेरीस माइतानी वारले, वय ७६.

तर हा ई-पी१ कसा होता? चांगलं आधी सांगतो. नुसती बॉडी ३३५ ग्रॅम. त्याच काळातला निकॉन डी९० सुमारे ६२० ग्रॅम, वर लेन्सही जाडजूड. हरिश्चंद्रगड चढताना हा फरक गुडघ्यांना कळतो, आणि जो कॅमेरा घरी राहतो तो कितीही भारी असला तरी फोटो काढत नाही. दुसरं, हात हलला तर सांभाळून घेणारी यंत्रणा बॉडीतच होती, त्यामुळे कुठलीही लेन्स लावा, फायदा मिळतोच. तिसरं म्हणजे अंतर कमी असल्यामुळे मध्ये ॲडॉप्टर टाकून जगातली जवळपास कुठलीही जुनी मॅन्युअल लेन्स लावता यायची. वडिलांच्या कपाटातली तीस वर्षं जुनी लेन्स डिजिटल कॅमेऱ्यावर! बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणतात ती हीच.

आता बाकीचं. डोळा लावून बघायला व्ह्यूफाइंडर नाही, आणि भर उन्हात मागचा स्क्रीन दिसेल तर शपथ. फ्लॅश नाही. बॅटरी सुमारे ३०० फोटोंची, कारण सेन्सर आणि स्क्रीन सतत चालू. डी९० चा आरसा काही वीज खात नाही, तो ८५० पर्यंत जायचा. सेन्सर १७.३ x १३ मि.मी., म्हणजे पूर्ण फ्रेमच्या साधारण पाव. अंधारात फोटो खरखरीत आणि पार्श्वभूमी तेवढी धूसर होत नाही.

आणि सगळ्यात मोठं दुखणं फोकसचं. आरशाच्या कॅमेऱ्यात थोडा प्रकाश एका छोट्या आरशाने वेगळ्या सेन्सरकडे जातो. तो एका मोजणीत सांगतो की लेन्स कुठल्या बाजूला आणि किती फिरवायची. ई-पी१ कडे हे नाही. तो लेन्स थोडी फिरवणार, चित्रातला कॉन्ट्रास्ट मोजणार, वाढला तर पुढे जाणार, कमी झाला की मागे येणार. ओळखलंत ना? शुद्ध हिल क्लाइंबिंग. डोंगरमाथा ओलांडल्याशिवाय तो माथा होता हे कळतच नाही. स्थिर वस्तूवर नेम अचूक, पण पळणारं मूल टिपायचं असेल तर देवाचं नाव घ्या.

गंमत बघा, माइतानीचा पेन आणि हा पेन, दोघांनीही कात्री लावली. पण माइतानीने वाचवलेला पैसा फोटोच्या गुणवत्तेत घातला. ई-पी१ मध्ये फ्लॅश आणि व्ह्यूफाइंडर गेले ते आटोपशीर देखण्या रूपासाठी, असं माझं मत. कंपनीलाही ते जाणवलं असावं, कारण पाच-सहा महिन्यांत ई-पी२ वर बाहेरून जोडायचा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर आला आणि २०१० च्या ई-पीएल१ मध्ये फ्लॅशही परतला.

महत्त्वाचा मुद्दा पुढे आहे. यातले बरेचसे दोष आरसा नसण्याचे नव्हतेच, त्या वेळच्या इलेक्ट्रॉनिक्सचे होते. २०११ च्या निकॉन १ ने फोकस मोजणारे पिक्सेल मुख्य सेन्सरवरच बसवले. स्क्रीन सुधारले, प्रोसेसर सुधारले. २०१३ मध्ये सोनी ए७ ने पूर्ण फ्रेमचा सेन्सर आरशाविना बसवून दाखवला. आरशाच्या बाजूला मात्र सुधारायला फारसं उरलं नव्हतं. २०१८ मध्ये निकॉन झेड आणि कॅनन ईओएस आर आले. निकॉनने १९५९ पासून सांभाळलेल्या एफ माउंटशेजारी १६ मि.मी. अंतराचा नवा माउंट उभा केला. २०२० नंतर या दोघांचे नवे डीएसएलआर जवळपास थांबलेच.

मग ऑलिंपस मालामाल झाली असेल? छे. लहान सेन्सरची मर्यादा भौतिकशास्त्राची, ती सॉफ्टवेअर अपडेटने जात नाही. वरून मोबाइल आला. २०१० मध्ये जगभरात १२ कोटींवर डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, २०२० मध्ये एक कोटीही नाही. १ जानेवारी २०२१ ला ऑलिंपसचा कॅमेरा विभाग वेगळा होऊन एका गुंतवणूक कंपनीकडे गेला. फिल्म स्वस्त झाली तेव्हा पहिल्या पेनचं जे झालं तेच पुन्हा: 'लहान आणि सोबत राहणारा' ही जागा फोनने घेतली.

तरीही कोणी जुना ई-पी१ देऊ केला तर मी नाही म्हणणार नाही. फक्त त्यावर एक जुनी मॅन्युअल लेन्स लावायची आणि फोकस स्वतः करायचा, म्हणजे डोंगर चढायची भानगडच नको :)

असो. हवा चांगली आहे, कॅमेरा घेऊन बाहेर पडा. सोमवार येतोच आहे.