लघुमोटार (पुणे शहर)

लघुमोटार : सुमारे सव्वातीन मीटरांहून आखूड, जेमतेम दीड मीटर रुंद आणि वजनाला हलकी अशी, मुख्यतः शहरातल्या फिरतीसाठी बनवलेली चारचाकी. कराच्या हिशेबातली ‘लहान मोटार’ याहून बरीच ऐसपैस असते. लांबी चार मीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १,२०० घनसेंमी.पर्यंत, डिझेलचे असल्यास १,५०० घनसेंमी.पर्यंत, एवढ्यात बसले की मोटार लहान ठरते; रुंदी आणि वजन कोणी विचारत नाही. त्यामुळे रांजणगावच्या कारखान्यात बनणारी, ३,९९५ मिमी. लांब आणि १,८०४ मिमी. रुंद टाटा नेक्सॉनही कागदोपत्री लहानच. पुण्याच्या पेठांत गाडी अडते ती मात्र बहुधा रुंदीत आणि वळणावर. म्हणून या नोंदीत खरोखरच्या छोट्या गाड्यांचाच विचार केला आहे.

अशा गाड्यांचे वेड महाराष्ट्राला जुने आहे. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी १९४०च्या दशकातच स्वतःच्या बुद्धीने छोटी मोटार बनवायला घेतली. पुढे ‘मीरा’ या नावाने ती रस्त्यावर धावलीही, पण परवान्यांच्या त्या काळात कारखान्यापर्यंत पोहोचली नाही. त्यानंतरच्या तीन गाड्या मात्र सरळसरळ पुण्याच्या म्हणाव्या लागतील.

पहिली टाटा नॅनो. टाटा मोटर्सच्या पुण्यातील अभियांत्रिकी संशोधन केंद्रात गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या चमूने ती घडवली. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये तिचे दर्शन झाले, २००९ साली विक्री सुरू झाली आणि पश्चिम बंगालमधल्या सिंगूर इथल्या जमिनीच्या वादानंतर तिचा कारखाना गुजरातमधल्या साणंदला गेला. एक लाखाच्या किमतीची चर्चा इतकी झाली, की तिची रचना किती हुशारीची होती याकडे फारसे कोणी पाहिले नाही. ६२४ घनसेंमी.चे दोन सिलिंडरांचे इंजिन मागच्या आसनाखाली आणि बारा इंची चाके थेट चार कोपऱ्यांत, त्यामुळे ३,०९९ मिमी. लांबीत चार मोठी माणसे पाय न दुमडता बसत. वजन सहाशे किलोंच्या आसपास, वायपर एकच, चाकाला नट तीनच. किंमत मोजावी लागली ती डिकीत. २०१५ पर्यंत तिचा मागचा दरवाजा उघडतच नसे. मंडईतली पिशवी ठेवायची तर मागचे आसन पुढे पाडायचे.

दुसरी बजाज क्यूट. आकुर्डीच्या बजाज ऑटोने ती २०१२ साली ‘आरई ६०’ या नावाने दाखवली, उत्पादन वाळूजला. लांबी २,७५२ मिमी., रुंदी १,३१२ मिमी., वजन चारशे किलोंच्या आसपास, २१६ घनसेंमी.चे एक सिलिंडरचे इंजिन आणि कमाल वेग ताशी ७० किमी. म्हणजे रस्त्यावर ती रिक्षापेक्षा फारशी जास्त जागा घेत नाही, आणि तरी चार दारे व चार आसने आहेत. कायद्यात मात्र ती मोटार नाही, ‘क्वाड्रिसायकल’ आहे. हा नवा वर्ग मान्य होण्यात, त्याविरुद्धच्या न्यायालयीन लढाईत आणि शेवटी खासगी वापराच्या परवानगीत वर्षे गेली. तोवर गाडी परदेशी निर्यात होत राहिली आणि महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकाला ती एप्रिल २०१९ मध्ये मिळू लागली. वातानुकूलन नाही, काचा सरकवायच्या. एप्रिलमधल्या पुण्यात दुपारी दोन वाजता सिग्नलला उभे राहायचे असेल, तर हे बारीकसारीक नव्हे.

तिसरी, पुण्याच्याच वायवे मोबिलिटीची ‘ईवा’. २०२३च्या ऑटो एक्स्पोत दाखवलेली आणि जानेवारी २०२५ मध्ये किंमत जाहीर झालेली ही विजेवरची गाडी जेमतेम ११५ सेंमी. रुंद आहे. पुढे एकटा चालक, मागे एक मोठे माणूस आणि एक मूल, छतावर सौर पट्ट्या. तिच्याबरोबरच बाजारातल्या एमजी कॉमेटचे (२०२३, लांबी २,९७४ मिमी.) नाव घ्यायला हवे, ती हालोलला बनते, पण याच कुळातली आहे.

वळण. पेठांतल्या रस्त्यावर लघुमोटारीचा सर्वांत रोकडा फायदा इथे दिसतो. वळणाची त्रिज्या क्यूटची ३.५ मीटर, नॅनोची ४ मीटर, कॉमेटची ४.२ मीटर आणि नेक्सॉनची ५.१ मीटर. नऊ मीटर रुंद रस्ता पूर्ण मोकळा आहे असे क्षणभर धरले, तर नॅनो आणि कॉमेट एका दमात उलट फिरतात; नेक्सॉनला दहा मीटरांहून जास्त लागतात, म्हणजे एकदा रिव्हर्स घ्यावाच लागतो, आणि तेवढ्या वेळात मागे हॉर्नची मैफल जमते. प्रत्यक्षात पेठेत रस्ता पूर्ण मोकळा कधीच नसतो. सम-विषम तारखांप्रमाणे पी-१, पी-२च्या पाट्यांखाली एका बाजूला दुचाकींची रांग असतेच. मग नारायण किंवा सदाशिव पेठेतल्या गल्लीत १.८ मीटरची गाडी आणि १.५ मीटरची गाडी यांतल्या तीस सेंटिमीटरांवर समोरच्या रिक्षाला वाट मिळणार की नाही हे ठरते.

जागा. पार्किंगचा फायदा वाटतो तितका सरळ नाही. ३० मीटर कडेला गाड्या एकामागे एक लावल्या आणि मध्ये एकेक मीटर सोडला, तर नेक्सॉन सहा मावतात, कॉमेट सात, क्यूट आठ. त्याच कडेला दुचाकी आडव्या लावल्या तर मीटरला एक या हिशेबाने तीस बसतात. सोसायटीत तर गणित आणखी चमत्कारिक होते. महाराष्ट्राच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मोटारीची जागा २.५ × ५ मीटर धरली आहे आणि निम्म्यापर्यंत जागा २.३ × ४.५ मीटरच्या ठेवायला परवानगी आहे. मोठ्या चौकटीत दोन क्यूट ना मागेपुढे मावतात (अर्धा मीटर कमी पडतो), ना शेजारी शेजारी (बारा सेंटिमीटर कमी पडतात).

उरलेली जागा मात्र वाया जात नाही. क्यूट लावल्यावर पाच मीटरांतले सव्वादोन मीटर मोकळे राहतात आणि दुचाकीची जागा नियमाने १ × २ मीटर असते. म्हणजे एकाच चौकटीत मोटार आणि घरातल्या दोन्ही स्कूटर. सकाळी आधी कोणी निघायचे हे तेवढे घरात ठरवून घ्यावे लागते. दाराचाही प्रश्न सुटतो. २.३ मीटरच्या चौकटीत नेक्सॉनच्या दोन्ही अंगांना पंचवीस पंचवीस सेंटिमीटर उरतात, त्यातून बाहेर पडायला अंग चोरावे लागते. नॅनोच्या अंगांना चाळीस उरतात. वाडे पाडून उभ्या राहिलेल्या इमारतींच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये ज्येष्ठ नागरिकांना हा फरक लगेच कळतो.

इतके असूनही शहराने या गाड्यांना आपले म्हटले नाही. नॅनोची सर्वाधिक वार्षिक विक्री देशभरात मिळून सुमारे ७४,५०० (२०११-१२) झाली, तर साणंदच्या कारखान्याची क्षमता वर्षाला अडीच लाखांची होती. जून २०१८ मध्ये महिनाभरात एकच नॅनो बनली. स्वस्त गाडीचा शिक्का हे कारण नेहमी सांगितले जाते आणि ते खरेही आहे, पण पुण्यापुरते ते अपुरे आहे. इथे लघुमोटारीची स्पर्धा मोठ्या मोटारीशी नव्हतीच. २०१८ साली पुण्यातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या ३६ लाखांच्या पुढे जाऊन लोकसंख्येच्या अंदाजालाही ओलांडून गेली. त्यांतली सुमारे २७ लाख दुचाकी होती. तुळशीबागेत जाणारा पुणेकर गाडी छोटी की मोठी हे ठरवत बसत नाही, तो स्कूटर काढतो. आणि मोटार काढतो ती पावसासाठी, आईवडिलांना दवाखान्यात नेण्यासाठी किंवा शहराबाहेर जाण्यासाठी.

शहराबाहेर म्हटले की लघुमोटार कोड्यात पडते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग क्यूटला बंद आहे. कात्रज-देहू रोड बाह्यवळणावर नवले पुलाच्या उतारावरून भरलेले ट्रक येत असताना चारशे किलोंच्या गाडीत बसणे सुखाचे नाही. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत नॅनोला शून्य तारे मिळाले. २०१६ मध्ये युरो एनकॅपने क्वाड्रिसायकलींची चाचणी घेतली तेव्हा क्यूटला एक. हलकेपणामुळे इंधन वाचते, पण धडक सोसणारा सांगाडा आणि एअरबॅगा बसवायच्या तर वजन व किंमत दोन्ही वाढतात. बीएस-६ हे प्रदूषणनियम आणि नवे सुरक्षानियम यांसाठी नॅनोत पैसा घालायचा नाही असे टाटांनी ठरवले, त्यामागे हाच हिशेब होता.

लहान आकाराला मोबदला देणारी व्यवस्थाही इथे नाही. जपानमध्ये गाडी ठेवायला जागा असल्याचा दाखला दिल्याशिवाय मोटार घेता येत नाही, आणि ३.४ × १.४८ मीटरच्या आतल्या ‘केई’ गाड्यांना बऱ्याच भागांत या अटीतून सूट व करातही सवलत असते. म्हणून तिथे त्या घरोघरी दिसतात. पॅरिसने ऑक्टोबर २०२४ पासून बाहेरगावच्या जड गाड्यांना रस्त्यावरच्या पार्किंगसाठी तिप्पट दर लावला. पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने मार्च २०१८ मध्ये मंजूर केलेल्या पार्किंग धोरणात दर भाग आणि वाहनप्रकार पाहून ठरवले होते. मोटारीची लांबी त्यात नव्हती. विरोधानंतर आधी पाच रस्त्यांवर प्रयोग करायचे ठरले आणि तोही रेंगाळला. फुकट जागेत पावणेतीन मीटरची गाडी लावणाऱ्याला बक्षीस कोण आणि कशाचे देणार?

याच पुण्यात घडलेल्या दुसऱ्या एका छोट्या गाडीचा अनुभव मात्र उलटा आहे. २००५ साली आलेला टाटा एस, म्हणजे ‘छोटा हत्ती’, हाही वाघ यांच्याच चमूचा. दीड मीटर रुंद आणि ७०२ घनसेंमी.चे दोन सिलिंडरांचे डिझेल इंजिन असलेला हा टेम्पो रविवार आणि भवानी पेठेत जिथे मोठा ट्रक शिरत नाही तिथे माल पोहोचवू लागला आणि देशभर खपला. माल वाहणाऱ्याला एका फेरीचे पैसे समोर दिसत होते. खासगी मालकाला अरुंद गाडीतून वाचलेली मिनिटे कोणी मोजून देत नव्हते.

विजेच्या लघुमोटारींनी हे गणित थोडे हलवले आहे. कॉमेटची बॅटरी १७.३ किलोवॅट-तासांची आहे आणि ती ३.३ किलोवॅटच्या घरगुती चार्जरवर रात्रीत भरते. ईवाची सर्वांत लहान बॅटरी तर ९ किलोवॅट-तासांचीच. कोथरूडहून डेक्कन किंवा बाणेरहून हिंजवडी अशा रोजच्या फेरीला एवढे पुष्कळ झाले. मात्र अशी गाडी बहुधा घरातली दुसरी मोटार म्हणून येते, आणि ती उभी करायला सोसायटीत दुसरी जागा, तिच्याशेजारी मीटरपासून ओढलेली वायर आणि त्याला कमिटीची मंजुरी लागते.