यंत्रांचें एकच दार

खालापूर तालुक्यांतील खोपोली येथें टाटांचें जलविद्युत्-केंद्र १९१५ सालीं सुरू झालें. लोणावळ्याकडील तलावांचें पाणी नळांतून सुमारें १,७०० फूट खालीं येऊन चक्रें फिरवूं लागलें आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालूं लागल्या. गिरणीवाल्यास तलावाची वा चक्राची ओळख असण्याचें कारण नव्हतें. ठरलेल्या दाबाची वीज तारेंतून मिळाली कीं त्याचें काम भागे. संगणकाचे जनक अशाच सोयीच्या शोधांत पुढें अर्धशतकानें गुंतले.

अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं १९६९ सालीं युनिक्स ही कार्यप्रणाली रचण्यास आरंभ केला. तिच्या गाभ्यास कर्नेल म्हणतात. लष्करांतील कर्नलाशीं त्याचें नातें नाहीं, फळांतील गराशीं आहे. छापयंत्र, चुंबकीय फीत, तबकडी, टर्मिनल या प्रत्येकाची रीत निराळी. प्रोग्रॅमनें ती प्रत्येक रीत शिकावयाची म्हटलें, तर नवें यंत्र येतांच सारे प्रोग्रॅम पुन्हां लिहावे लागतील. मल्टिक्स या आधींच्या प्रणालींतहि यांतून सुटण्याचा यत्न झाला होता. युनिक्सनें मात्र यंत्राचें नांवच फाइलींच्या यादींत बसविलें. त्या नांवामागें मजकूर नसतो, दोन आंकडे असतात: पहिल्यावरून यंत्र कोणत्या चालकाकडे सोंपवावयाचें तें कर्नेलास कळतें, दुसऱ्यावरून त्या जातीचें कितवें यंत्र तें. प्रोग्रॅम फक्त उघडतो, वाचतो, लिहितो, मिटतो. पुढें फाइल आहे कीं छापयंत्र, याची त्यास वार्ता नसते. १९७४ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत या दोघांनीं आणखी एक लाभ दाखविला आहे: फाइल कोणीं वाचावी, कोणीं लिहावी याचे जे नियम, तेच यंत्रासहि आपोआप लागू पडतात.

परंतु टर्मिनलचा वेग ठरविणें हें वाचणें नव्हे व लिहिणेंहि नव्हे. कर्जतपर्यंत सर्व गाड्या एका रीतीनें येतात. पुढें बोरघाटाची ३७ फुटांस १ फूट अशी चढण, म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांस तेथें मागून जादा इंजिनें जोडावीं लागतात. युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तींत असेंच एक जादा इंजिन आलें. त्याचें नांव आयऑक्टल. यंत्राच्या चालकास कोणताहि आंकडा पाठवावा, आणि त्या आंकड्याचा अर्थ त्यानेंच ठरवावा! सोय मोठी, पण शिस्त गेली. चार आज्ञांच्या दाराशेजारीं शेंकडों खिडक्या पडल्या.

तथापि या खिडकीवांचून मराठीचेंहि अडलें असतें. कानपूरच्या आयआयटींत जन्मलेलें जिस्ट तंत्र १९८८ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेंत वाढलें. भारतीय लिप्यांसाठीं १९९१ सालीं प्रमाण झालेल्या इस्की संकेतांत पहिल्या १२८ खुणा इंग्रजीच्या आहेत. देवनागरी अक्षरें त्यांच्या वर, म्हणजे आठवा बिट लागतो अशा जागीं. टर्मिनलचा चालक मात्र आठवा बिट छाटून टाकूं शकतो, कारण इंग्रजीस सातच पुरतात. छाटला कीं ‘क’च्या ठिकाणीं कांहीं तरी इंग्रजी चिन्ह उमटणार. ‘छाटूं नको’ हें चालकास सांगावयाचें तें आयऑक्टलच्याच मार्गानें. नुसत्या वाच-लिहीनें तें सांगतां येत नाहीं.

बेल प्रयोगशाळेच्याच मंडळींनीं पुढें प्लॅन ९ या प्रणालींत ही खिडकी बुजविली. तेथें तारेच्या जोडणीस दोन फाइली असतात, एक मजकुराची, दुसरी हुकमांची. दुसरींत ‘बी ९६००’ अशीं साधीं अक्षरें लिहिलीं कीं वेग ठरतो. उपाय सुंदर खरा, परंतु जग त्या वाटेनें गेलें नाहीं. लिनस टोर्वाल्ड्स यांनीं १९९१ सालीं आरंभिलेल्या लिनक्सनें आयऑक्टलच ठेवलें, आणि दोन चालकांनीं एकच आंकडा उचलूं नये म्हणून कोणते आंकडे कोणाचे याची एक वही कर्नेलच्या दप्तरांत लिहून ठेवावी लागते.