‘कोस्ट टू कोस्ट’ची वाट (तळटीप)

लेखक इथे नुसते ‘ती वाट’ म्हणतो, ती उत्तर इंग्लंडमधली ‘कोस्ट टू कोस्ट’. आल्फ्रेड वेनराइट यांनी ती आखून १९७३ साली पुस्तकरूपाने लोकांपुढे ठेवली. पश्चिमेला सेंट बीज, पूर्वेला रॉबिन हूड्स बे. मध्ये सुमारे ३०० किलोमीटर. आयरिश समुद्रकाठचा खडा खिशात टाकून निघायचे आणि तो नॉर्थ सीत सोडायचा, असा रिवाज आहे. खरा कस लागतो तो नाइन स्टँडर्ड्सच्या माथ्यावर. तिथली पाण्याने फुगलेली काळी पीटमाती, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा हजारो वर्षांत साठलेला थर, पाय आत ओढून घेते. बुटांखाली हा थर फार लवकर उखडतो. तो पुन्हा सावरावा म्हणून ऋतुमानाप्रमाणे वेगवेगळ्या वाटा ठरवून दिल्या गेल्या, आणि ही काळजी अगदी रास्त आहे.