मुंबई उपनगरातील चर्च आणि तरुण पिढी

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड आदी उपनगरांतील कॅथलिक धर्मग्राम मुंबई महाधर्मप्रांतात मोडतात. धर्मशिक्षण संपल्यानंतर तरुणांचे चर्चशी नाते कसे टिकवावे आणि त्यांच्याशी कोणत्या भाषेत संवाद साधावा, हे या धर्मग्रामांपुढील दोन प्रमुख प्रश्न आहेत.

पार्श्वभूमी

आजची उपनगरे ज्या साष्टी बेटावर वसली आहेत, तेथे सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखाली ख्रिस्ती धर्माचा प्रसार झाला. बोरिवलीतील मंडपेश्वर येथे फ्रान्सिस्कन, तर मरोळ परिसरात जेझुइट धर्मगुरूंनी कार्य केले. जेझुइटांनी १५७९ साली बांधलेल्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चचे अवशेष अंधेरीच्या सीप्झ औद्योगिक वसाहतीत आहेत. येथील मूळ ख्रिस्ती रहिवासी मराठीच्या बोली बोलत. गोवा व मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपली ओळख वेगळी राखण्यासाठी त्यांनी १८८७ साली ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारले.

भाषेचा प्रश्न

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) लॅटिनऐवजी लोकभाषांत मिस्सा अर्पण करण्यास वाव मिळाला. तथापि उपनगरांत गोवेकर, मंगळुरी, मल्याळी, तमिळ असे विविध भाषक एकाच धर्मग्रामात नांदत असल्याने इंग्रजी ही समाईक भाषा ठरली. मुलांचे शिक्षणही बहुधा इंग्रजी माध्यमातून होऊ लागले. परिणामी गावठाणांतील ईस्ट इंडियन बोली प्रामुख्याने वडीलधाऱ्यांच्या तोंडी उरली. १९९८ साली मुंबईपासून वेगळ्या झालेल्या वसई धर्मप्रांतात मात्र मराठी उपासनेची परंपरा दृढ आहे. तेथील ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

ऐकणाऱ्याच्या ओळखीची भाषा व गानप्रकार स्वीकारण्याची पूर्वोदाहरणे मराठीत आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात ‘क्रिस्तपुराण’ (१६१६) ओवीबद्ध रचले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक यांनी प्रोटेस्टंट उपासनेत भजन व कीर्तन रुजवले.

उपक्रम

रविवारचे धर्मशिक्षण साधारणपणे दहावीपर्यंत चालते आणि याच वयोगटात दृढीकरण संस्कार दिला जातो. त्यापुढे युवक मंडळ, गायकवृंद, चिंतनशिबिरे व सेवाकार्य ही सहभागाची माध्यमे असतात. केरळात उगम पावलेल्या ‘जीझस यूथ’ या चळवळीस २०१६ साली व्हॅटिकनची मान्यता मिळाली. गावठाणांत ऑक्टोबरमध्ये साजरा होणारा ‘आगेरा’ हा नव्या भाताच्या आशीर्वादाचा सण शेती उरली नसतानाही आबालवृद्धांना एकत्र आणतो.

अडचणी

दहावीनंतर महाविद्यालय, रविवारच्या शिकवण्या व पाळीची नोकरी यांमुळे चर्चमधील उपस्थिती घटू शकते. घरांच्या वाढत्या किमतींमुळे अनेक तरुण कुटुंबे वसई-विरारकडे स्थलांतर करतात. काही जण परदेशी जातात. त्यामुळे स्नानसंस्कारापासून ज्या धर्मग्रामाशी नाते जडले, तोच सुटतो.

दुसरी अडचण निर्णयप्रक्रियेतील स्थानाची आहे. युवकांच्या प्रश्नावर २०१८ साली रोममध्ये धर्माध्यक्षांची महासभा भरली. त्यानंतर पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली प्रसृत केलेल्या ‘ख्रिस्तुस विवित’ या पत्रात तरुण हे चर्चचे केवळ भविष्य नसून वर्तमानही आहेत, असे प्रतिपादन आहे. तरुणांना उपदेश करण्यापूर्वी त्यांचे ऐकून घ्यावे, यावर त्यात भर दिलेला आहे. मात्र चर्चच्या कायद्यानुसार धर्मग्राम परिषदेस केवळ सल्लागार अधिकार असतो. त्यामुळे परिषदेत तरुण प्रतिनिधी असला, तरी त्याच्या सूचनेची अंमलबजावणी प्रमुख धर्मगुरूंच्या निर्णयावर अवलंबून राहते.